नावाचं भांडण आणि कोरा रकाना

महाराष्ट्राच्या एखाद्या डोंगरावर फुलझाडाची नवी जात सापडल्याची बातमी आली की दोन दिवसांत तिच्याभोवती ठरलेलं भांडण जुंपतं. एक पक्ष विचारतो, जे झाड तिथल्या आदिवासींना आजा-पणजापासून ठाऊक आहे त्याचा तुम्ही कसला शोध लावलात? दुसरा म्हणतो, विज्ञानात जात, भाषा, प्रांत आणू नका. नाव लॅटिन वळणाचं असतं, ते तसंच राहू द्या. तिसऱ्याला या दोघांशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त नाव कोणत्या महापुरुषाचं हे ठरवायचं असतं. विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या जातीचं २०२३ मध्ये 'सेरोपेजिया शिवरायियाना' असं बारसं झालं तेव्हा हा तिसरा पक्ष खूश झाला. जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत दोनशेहून अधिक नावांमधला 'काफ्रा' हा आफ्रिकी माणसांना हिणवणारा शब्द 'आफ्रा' करायचं ठरलं, तेव्हा पहिल्या पक्षाला जोर चढला. सातपुड्यात काही नवं सापडलं की हेच तिन्ही पक्ष धुळे-नंदुरबार-जळगावातही आपापल्या जागा धरून बसणार, हे दिसतंच आहे. मला तिघांशीही भांडायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सातपुड्यातल्या झाडांची शास्त्रीय वर्णनं व्हायलाच हवीत, आणि त्याला आधीच उशीर झाला आहे. जुनी नावं पुसत बसण्यात अर्थ नाही. पण इथून पुढे जे झाड कुणा भिल्लाने, पावऱ्याने, मावच्याने, तडव्याने दाखवलं असेल, त्याच्या वर्णनात दाखवणाऱ्याचं नाव (त्याची हरकत नसेल तर) आणि त्याच्या बोलीतलं झाडाचं नाव छापल्याशिवाय ते वर्णन पुरं झालं असं आपल्या विद्यापीठांनी मानू नये. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा त्या एका जातीचा. हा दुसरा शब्द कुणाचा, यावर जेवढा घसा कोरडा होतो त्याच्या चौथाई जरी या मागणीसाठी झाला असता, तरी आज चित्र वेगळं असतं.

पहिल्या पक्षाचा मुद्दा हलका नाही. तोरणमाळच्या पठारावर किंवा अक्राणीच्या दऱ्यांत झाडं धुंडाळायला जाणारा अभ्यासक सहसा एकटा जात नाही. पुढे पाड्यावरचा कुणीतरी असतो. कंद कुठल्या कपारीत आहे, वेल कितव्या पावसाला वर येतो, फूल किती दिवस टिकतं, हे त्याला माहीत असतं. कंदीलपुष्पासारख्या झाडाला फूल नसेल तर जात सांगणं महाकठीण, आणि फूल येतं ते नेमकं घाटात दरडी कोसळत असतात त्या दिवसांत. म्हणजे गाठायची ती वेळ वाटाड्याच्या माहितीवर गाठली जाते. पुढे शोधनिबंध छापून येतो. आभारात मार्गदर्शक असतात, प्राचार्य असतात, वनखातं असतं, निधी देणारी संस्था असते. वाटाड्या असलाच तर 'स्थानिकांचे सहकार्य' एवढ्यात आटोपलेला. वाळवलेला नमुना ज्या कागदावर चिकटवतात त्यावर गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक, तारीख, ठिकाण, उंची सगळं व्यवस्थित भरलेलं आणि स्थानिक नावाचा रकाना बहुतेकदा कोरा. याचा राग येत असेल तर तो यायलाच हवा.

पण त्या रागात वर्णनालाच नाकारणं मला पटत नाही. झाड ओळखणं हे एक काम आणि ते जगातल्या त्याच्या सगळ्या भावकीपासून वेगळं आहे हे दाखवून देणं हे दुसरं. दुसऱ्या कामासाठी पुण्या-कोलकात्यातले, लंडनच्या क्यू उद्यानातले जुने नमुने पाहावे लागतात, फूल उकलून भिंगाखाली धरावं लागतं, आणि एक प्रमाण-नमुना कायमचा कुठेतरी जपून ठेवावा लागतो, म्हणजे शंभर वर्षांनी कुणी शंका काढली तर तो उघडून बघता येईल. सफेद मुसळीचंच घ्या. सातपुड्यात मुसळी खणणाऱ्याला आपल्या डोंगरावरच्या दोन मुसळ्यांतला फरक पानावरून कळतो. पण कंद सोलून, वाळवून पोत्यात गेला की व्यापाऱ्याच्या गोदामात क्लोरोफायटम या प्रजातीच्या तीन-चार जाती एकाच नावाने विकल्या जातात, आणि शतावरीच्या कुळातल्या एका वेगळ्याच झाडाची मुळंही त्याच नावावर खपतात. डोंगरावरून यातली नेमकी कोणती संपत चालली आहे? हा प्रश्न नुसता विचारायचा म्हटलं तरी वेगळी नावं लागतात. आता गंमत बघा. यातली सर्वांत महाग जी जात, तिचं शास्त्रीय नाव 'क्लोरोफायटम बोरिविलियानम'. सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिचं वर्णन केलं ते मुंबईजवळच्या बोरिवलीच्या नमुन्यावरून, म्हणून. अक्राणीतल्या माणसाच्या कुदळीखाली येणाऱ्या कंदाला लोकलच्या स्टेशनाचं नाव! हसू येतं, पण यात कुणी कुणाचं काही चोरलेलं नाही. वनस्पतिनामांच्या नियमावलीत तर साफ लिहिलंय की नाव गैरलागू वाटतं एवढ्यावरून ते रद्द होत नाही. तिथे दाखला दिला आहे तो 'सिला पेरुवियाना' या, पेरू देशात न उगवणाऱ्या, झाडाचा. शास्त्रीय नाव म्हणजे सातबारा नव्हे. त्यावरून मालकी ठरत नाही, फक्त आपण सगळे एकाच झाडाबद्दल बोलतोय एवढी खात्री पटते.

आणि ज्याला शास्त्रीय नाव नाही त्याचं फायलीत काय होतं, हे नंदुरबार जिल्ह्याने नाही सांगायचं तर कुणी? सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. माणसं तळोद्याच्या बाजूला सपाटीवरच्या वसाहतींत आणली गेली. नर्मदेच्या काठावरची जी झाडं त्यांच्या औषधाची, भाजीची, मासे धरायच्या कामाची होती, त्यांचा काठच राहिला नाही. त्या दऱ्यांतून कोणकोणत्या जाती बुडाल्या, याचं पुरं उत्तर आज कुणी देईल का? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात झाड येतं ते शास्त्रीय नावाने, प्रकल्पाच्या परिणाम-अहवालात येतं ते शास्त्रीय नावाने. म्हाताऱ्यांच्या तोंडची यादी कितीही लांब असली तरी मंजुरीच्या कागदात ती पुरावा ठरत नाही. ज्याला नाव नाही त्याचं नुकसान मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते झालंच नाही असं धरून धरणं उभी राहतात. म्हणून 'शोध कसला?' असं विचारणाऱ्या मित्रांना माझा उलटा प्रश्न आहे: वर्णन न होण्याने आजवर कुणाचा फायदा झाला? डोंगरावरच्या माणसाचा तर नक्कीच नाही.

दुसऱ्या पक्षाकडे वळतो. एका झाडाला जगभर एकच नाव, आणि दोन नावं पडली असतील तर आधीचं खरं, ही स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसच्या १७५३ च्या ग्रंथापासून मोजली जाणारी शिस्त मोठी आहे. तिच्यामुळे शहाद्याच्या कॉलेजातली मुलगी आणि ब्राझीलमधला प्राध्यापक एकाच पानाबद्दल बोलू शकतात. ती मोडावी असं म्हणणारा माणूस बहुधा कधी नमुन्यांच्या कपाटापुढे बसलेला नसतो. इथवर मी नियमवाल्यांच्या बाजूने आहे. पण पुढे ते जेव्हा म्हणतात की हा सारा कारभार निव्वळ विज्ञानाचा, इथे मतामतांना जागा नाही, तेव्हा त्यांना बांधावरच्या बाभळीकडे बोट दाखवावं लागतं.

बाभूळ म्हणजे 'अकेशिया निलोटिका' असं आपण सगळे शिकलो. अकेशिया ही सबंध प्रजाती ज्या झाडाला प्रमाण मानून उभी होती ते झाड हीच बाभूळ, नाईलच्या काठापासून तापीच्या काठापर्यंत उगवणारी. पुढे लक्षात आलं की अकेशिया म्हणून जे जे एकत्र कोंबलं आहे ती एक प्रजाती नाही, तिचे तुकडे करावे लागतील. नियमाने पाहिलं तर मूळ नाव बाभळीच्या तुकड्याकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या हजाराच्या आसपास जाती. त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. म्हणून २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत प्रमाणच बदलण्यात आलं, अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला गेलं आणि आपली बाभूळ 'वाचेलिया', आपला खैर 'सेनेगालिया' झाला. त्या निर्णयाच्या विरोधात निम्म्याहून जास्त मतं पडली होती. तो फिरवायला साठ टक्के लागत होती, तेवढी भरली नाहीत. २०११ च्या मेलबर्न परिषदेने त्यावर शिक्का मारला. हजार नावं वाचवायला थोडी बदलावी हा हिशेब चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण मतदान झालं, गट पडले, आफ्रिका आणि आशियातले अभ्यासक नाराज राहिले. याला राजकारण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? माद्रिदलाही 'काफ्रा'चा निर्णय ३५१ विरुद्ध २०५ मतांनीच झाला. तेव्हा नावांच्या दुनियेत लोकांच्या भावनांना स्थान नाही, हा युक्तिवाद आता बंद करावा. स्थान आहे, फक्त मत देणाऱ्यांत सातपुडा नाही.

मग पळसाचंही नाव बदला, असं कुणी म्हणेल. त्याचं 'ब्यूटिया' हे प्रजातीनाव १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान असलेल्या लॉर्ड ब्यूटवरून आलं. भोंगऱ्याच्या बाजाराच्या दिवसांत सातपुड्याचा उतार ज्या फुलांनी पेटतो, त्यांच्यावर या साहेबाचं नाव; त्याने ते फूल डोंगरावर कधी पाहिलं नव्हतं. राग येण्यासारखंच आहे. पण उद्या ब्यूट पुसला तर पावऱ्याच्या पदरात काय पडेल? आयुर्वेदापासून लाखेच्या शेतीपर्यंत जे जे या नावाखाली लिहिलं गेलं ते शोधायला एक जास्तीचं नाव लक्षात ठेवावं लागेल, एवढंच. पळसाला पाने तीनच, नाव कुणाचंही असो. माद्रिदने जे केलं ते वेगळं होतं: तिथे सबंध समाजाला शिवी असलेला शब्द होता, आणि १ जानेवारी २०२६ पासून तसं नाव नव्याने कुणी दिलंच तर ते फेटाळण्याची सोयही करून ठेवली आहे. शिवी काढावी. नुसता नावडता पाहुणा असेल तर त्याला बसू द्यावं, आणि आपली ताकद पुढच्या कागदासाठी राखून ठेवावी.

कागदाने काय फरक पडतो हे पाहायचं तर मलबारकडे जावं लागतं. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याच्या 'होर्टस मलबारिकस' या वनस्पतिग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापले गेले. त्यात इट्टी अच्युदन या एळवा समाजातल्या वैद्याने झाडांची माहिती दिली, आणि ती दिल्याची त्याची ग्वाही त्याच्याच लिपीत पुस्तकात छापली आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांची ग्वाही नागरीत छापली आहे. लिनीअस भारतात कधी आला नाही. मलबारच्या कितीतरी झाडांसाठी त्याला हीच चित्रं आणि हीच नावं होती. सागाचं 'टेक्टोना' तिकडच्या 'तेक्क'वरून आलं. शेवग्याचं 'मोरिंगा' तमिळ-मलयाळम 'मुरिंग'वरून. आता ऱ्हेडे काही संत नव्हता. डच कंपनीला औषधं स्वस्तात हवी होती आणि प्रतिस्पर्ध्यांवर मात करायची होती. अच्युदनच्या समाजाला त्या पुस्तकाने जमीनजुमला मिळाला नाही. हे सगळं खरं. तरीही साडेतीनशे वर्षांनी आपण त्याचं नाव घेऊ शकतो, त्याने काय सांगितलं आणि लिनीअसने त्यातलं काय उचललं हे ताडून पाहू शकतो. एका वसाहतवादी कंपनीच्या अधिकाऱ्याला सतराव्या शतकात जे जमलं, ते आपल्या विद्यापीठांना एकविसाव्या शतकात का जमू नये?

खानदेशात ते जमलं नाही याला कारण आहे, आणि ते विसरून चालणार नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा १८६१ चा पहिला मोठा ग्रंथ लिहिला डॅलझेल आणि गिब्सन यांनी. गिब्सन हे १८४७ पासून इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. त्यांच्यामागून डॅलझेल त्याच खुर्चीवर. म्हणजे झाडाला नाव देणारा आणि 'या झाडाला कुऱ्हाड लावू नकोस' म्हणणारा साहेब एकच होता. पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलं पक्की केली आणि कालपर्यंत जंगलात राहणारा भिल्ल त्याच जंगलात गुन्हेगार ठरू लागला. अशा माणसाने साहेबाला आपली मुळी कशाला दाखवावी? दाखवली तरी साहेबाने त्याचं नाव कशाला लिहावं? अधूनमधून देशी नावं त्या ग्रंथात येतात. ती कुणी सांगितली ते येत नाही. कोरा रकाना आळसातून आला असं आपण समजतो, पण त्याची सुरुवात या नात्यातून झाली आहे. आज वनहक्क कायदा, २००६ मुळे कित्येक गावांकडे सामूहिक हक्काचे दाखले आहेत. नातं बदललं, रकाना मात्र तसाच.

आता तिसरा पक्ष. महाराजांचं नाव फुलाला मिळालं याचा आनंद मलाही आहे, आणि विशाळगडावरच्या झाडाला ते शोभतंही: गडांच्या कड्यांनी या कुळातल्या झाडांना गुरांच्या तोंडापासून वाचवलं आहे. पण मानाचं नाव झाडाचं काय भलं करतं, हे शिवनेरीला विचारा. जुन्नरच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी डॅलझेलने १८६०च्या दशकात जगापुढे आणली आणि तिला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं, 'फ्रेरिया इंडिका'. पुढे आपण तिला शिवसुमन म्हणू लागलो. दरम्यान अभ्यासकांनी फेरमांडणी केली, 'फ्रेरिया' ही प्रजाती मोडीत निघाली, आणि फ्रेअरसाहेब 'फ्रेरेई' होऊन दुसऱ्या शब्दात जाऊन बसले. गव्हर्नरचं नाव असो की छत्रपतींचं, ती वनस्पती आजही मोजक्या कड्यांवर जीव धरून आहे. तिला उपयोग झाला तो ती रोपवाटिकेत वाढवणाऱ्यांचा. याउलट नाशिकच्या अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पाला 'अंजनेरिका' म्हटलं गेलं. ऐकल्याबरोबर माणूस त्या डोंगराकडे बघतो, तिथे काय चाललंय ते विचारतो. खानदेशात उद्या कुणी भिल्ल क्रांतिकारक खाज्या नाईकांचं नाव सुचवेल, कुणी बहिणाबाईंचं. मी आड येणार नाही. पण नियमावली म्हणते की दुसरा शब्द कुठूनही घेता येतो, अगदी मनाने रचलेलाही चालतो. म्हणजे पावरी किंवा भिली बोलीतलं झाडाचं स्वतःचं नाव घेऊन रोमन लिपीत बसवायला कायद्याची आडकाठी आजही नाही. मान द्यायचा तर ज्याने ते नाव जपलं त्याच्या बोलीला का देऊ नये?

माझ्या म्हणण्यावर सर्वांत टोकदार आक्षेप यापैकी कोणत्याच पक्षाचा नाही; तो डोंगरावरून येतो. नाव, गाव आणि उपयोग छापलात तर उद्या पोती घेऊन व्यापारी येईल, परवा पेटंटवाला. मुसळीचं झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. केरळच्या काणी आदिवासींचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जातं. थकवा घालवणाऱ्या 'आरोग्यपच्चा'ची माहिती त्यांनी १९८७ मध्ये एका अभ्यासपथकाला दिली, तिच्यावरून 'जीवनी' हे औषध निघालं, आणि परवान्याच्या रकमेतला व रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त निधीला देण्याचं ठरलं. पुढे झाडाच्या पुरवठ्यावरून वनखात्याशी घोडं अडलं आणि आशेइतके पैसे आले नाहीत. पण वाटा मागता आला तो कुणी सांगितलं याची नोंद होती म्हणूनच, हे कसं विसरायचं? नोंद नसती तर वाट्याचा प्रश्नच निघाला नसता. आणि मी मागतोय ती नोंद झाडाच्या नावाची आणि सांगणाऱ्याच्या नावाची. उपयोग छापायचा की नाही, नेमकी कपार सांगायची की नुसता तालुका, हे ग्रामसभेने ठरवावं. दुर्मिळ झाडाचं अचूक ठिकाण झाकून ठेवण्याची पद्धत आधीपासून आहे. जैवविविधता कायदा, २००२ खाली गावोगाव समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्याही आहेत. हरित लवादाने मुदत घातल्यावर त्यातल्या पुष्कळ घाईघाईने भरल्या गेल्या, हे उघड गुपित आहे. एकाच तालुक्यातल्या दोन वह्या शेजारी ठेवून बघाव्यात. तरी वही आहे, म्हणजे सुधारताही येते.

भिली-पावरी नावं लिहायची कशी, पाड्यागणिक उच्चार बदलतात, हा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. नागरीत लिहा, पाड्याचं नाव शेजारी लिहा. दोन पाड्यांत दोन नावं असतील तर दोन्ही लिहा.

राहिला प्रश्न कुणी करायचं. माद्रिदसारख्या परिषदेची वाट बघायची गरज नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने एवढा एक नियम करावा: वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही प्रबंधासोबत जोडलेल्या नमुन्यांत स्थानिक नाव आणि माहिती देणाराचे रकाने भरलेले नसतील तर कारण लिहावं लागेल. नमुन्याची एक प्रत पुण्या-कोलकात्याला जाते तशी एक जिल्ह्यातल्या कॉलेजात राहावी, आणि ती बघायला पाड्यावरच्या माणसाला कुणाची चिठ्ठी लागू नये. दुसरं काम जरा लांबचं आहे. पुढची परिषद २०२९ मध्ये केप टाऊनला आहे. तिथे व्यक्तींप्रमाणे संस्थांनाही मतं असतात, आणि आजवर मत नसलेल्या संस्थेला आपल्याकडे वर्गीकरणाचं काम किती चालतं हे कळवून ते मागता येतं. धुळे, नंदुरबार, शहादा, जळगाव इथल्या किती विभागांचा नमुनासंग्रह जागतिक सूचीत नोंदवलेला आहे, किती जणांनी असा अर्ज केला आहे? विभागप्रमुखांना विचारून बघा. अर्जाला चार पानं लागतील.